कळ कुणाच्या हाती? कुलूपबंद रेडिओपासून घरातल्या रिमोटपर्यंत

१/२०
गेल्या गणेशोत्सवात रत्नागिरीच्या आमच्या जुन्या घरात एक लहानसा कलह झाला. रात्री साडेअकराचा सुमार होता आणि निजानीज झाली होती. माजघरात धाकट्या चुलतभावाने युद्धपट लावला आणि तोफांचा पहिला बार उडाला तो थेट आजीच्या खोलीत! संध्याकाळच्या आरतीसाठी घरातील सर्व खोल्यांचे स्पीकर एकत्र जोडले होते, ते सोडवायचे कुणाच्या ध्यानातच आले नाही. आजी दचकून उठली. दुसऱ्या दिवशी तिने शांतपणे एवढेच सांगितले, "माझ्या खोलीतला तो डबा काढून टाका."

२/२०
हे घर तीन कुटुंबांचे सामाईक. माजघरात होम थिएटर, आणि ओटी, पडवी, आजीची खोली व माडी येथे एकेक स्पीकर, अशी व्यवस्था मुंबईच्या चुलतभावाने हौसेने केली होती. त्यासाठी पाच रिमोट होते आणि कोणता कशाचा, हे त्यालाच ठाऊक. काका मला म्हणाले, "तू इतिहास शिकतेस ना? मग या पाच रिमोटांचा एकदाचा इतिहास कर बघू." सर्व काही एकाच रिमोटवर आणण्याचे काम असे माझ्याकडे आले. करता करता लक्षात आले, की हा प्रश्न विजेच्या उपकरणांचा कमी आणि सत्तेचा अधिक आहे. आवाज एक, ऐकणारे अनेक. मग कळ कुणाच्या हाती? वाचकहो, हा प्रश्न शंभर वर्षांचा जुना आहे. आजचा धागा त्याविषयी.

३/२०
आरंभ दुरून कळ दाबण्याच्या कल्पनेपासून करू. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. तारेचा संबंध नसताना एका ठिकाणची क्रिया दुसऱ्या ठिकाणी घडली. तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदातील लहान नौका लहरींच्या आज्ञेने चालवली. दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान होती. आज्ञा एका बाजूने जात होती. घंटेने वा नौकेने उलट काही कळवण्याची सोय नव्हती. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. या धाग्याच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

४/२०
२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट. त्यामुळे आवाज मुंबई व आसपासच्या मुलखापुरताच नीट ऐकू येई. रेडिओ बाळगण्यास परवाना लागे आणि त्याची वर्षाची फी होती दहा रुपये. परवाने काही हजारांच्या पुढे गेले नाहीत व १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याचे नाव 'ऑल इंडिया रेडिओ' झाले. दरम्यान १९३३ च्या कायद्याने विनापरवाना संच जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. म्हणजे ऐकण्याची पहिली कळ सरकारदरबारी होती.

५/२०
संच महाग, विजेचा पत्ता नाही, बॅटऱ्या जड. अशा देशात खेड्यापर्यंत रेडिओ न्यायचा तर तो सामाईकच असणार, हे उघड होते. १९३० च्या दशकात पेशावर, दिल्ली आणि अन्य काही प्रांतांत सामुदायिक संचांचे प्रयोग सुरू झाले. गावाच्या मध्यभागी एक संच ठेवायचा आणि सायंकाळी सर्वांनी जमून ऐकायचे, अशी ही योजना. कल्पना रम्य होती. परंतु या संचांची बांधणी पाहिली, की त्यामागचा विचार स्पष्ट होतो.

६/२०
हे खेडेगावचे संच एकाच केंद्रावर लावून मोहोरबंद केलेले असत. पेटीला कुलूप असे. आत घड्याळाची कळ बसवलेली असे; ठरलेल्या वेळी संच आपोआप सुरू होई आणि ठरलेल्या वेळी आपोआप बंद होई. बॅटऱ्या बदलण्यासाठी माणूस बाहेरून येई. गावकऱ्याने फक्त समोर बसायचे. आजच्या भाषेत सांगायचे तर हा पूर्णपणे 'प्रोग्रॅम' केलेला रेडिओ होता, आणि प्रोग्रॅम करणारा गावात राहत नव्हता.

७/२०
याचे तांत्रिक समर्थन होतेच. अनेकांनी हाताळले की संच बिघडतो, बॅटरी व्यर्थ जळते, आणि दुरुस्ती करणारा शेकडो मैलांवर. हे खोटे नव्हे. पण त्या पेटीवरचे कुलूप केवळ धुळीपासून रक्षणासाठी होते असे मानणे भोळेपणाचे ठरेल. ज्याच्या हाती बटण फिरवण्याची मुभा, त्याला दुसरे केंद्र लागण्याचीही शक्यता! पुढे महायुद्धाच्या काळात बर्लिनहून हिंदुस्थानसाठी प्रसारण होऊ लागले आणि सुभाषबाबूंचा आवाज लहरींवरून येऊ लागला, तेव्हा ही भीती किती खरी होती ते राज्यकर्त्यांना कळून चुकले.

८/२०
स्वातंत्र्य आले, तरी कळ एकदम श्रोत्याच्या हाती आली नाही. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांकडे आले. ते विद्वान, पॅरिसमध्ये शिकलेले आणि शास्त्रीय संगीताचे निस्सीम भक्त. देशाच्या कानाला चांगले वळण लावावे, ही त्यांची प्रामाणिक इच्छा. चित्रपटगीते त्यांना हिणकस वाटत. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. रागसंगीताला, आकाशवाणीच्या संगीत संमेलनांना आणि नव्या सुगम संगीताला मात्र मानाचे स्थान मिळाले.

९/२०
पण या खेपेस पेटीला कुलूप नव्हते! घरोघरच्या संचांवर काटा फिरवता येत होता. लोकांनी तो फिरवला आणि रेडिओ सिलोनवर नेऊन थांबवला. डिसेंबर १९५२ पासून तेथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र देशभर तिच्या नावे लागली. निर्णय दिल्लीत झाला, गाणी मुंबईत बनली, प्रसारण कोलंबोहून झाले, आणि श्रोता आपल्या ओटीवर बसून फक्त एक बटण फिरवत होता. तेवढ्याने एका केंद्रीय मंत्र्याचे धोरण हतबल झाले.

१०/२०
३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली आणि आकाशवाणीने चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडले. केसकरांना आज खलनायक ठरवणे सोपे आहे; ते मला अन्यायाचे वाटते. शास्त्रीय गायक-वादकांना संस्थाने विलीन झाल्यानंतर जो आधार मिळाला, त्यात त्या धोरणाचा मोठा वाटा होता. त्यांची चूक अभिरुचीत नव्हती. श्रोत्याकडून उत्तर येण्याची वाटच त्यांच्या योजनेत नव्हती. मग श्रोत्याने आपले उत्तर काटा फिरवून दिले.

११/२०
गंमत अशी, की याच मंत्र्यांच्या काळात, याच आकाशवाणीने, आपल्याच महाराष्ट्रात अगदी उलट दिशेचा एक प्रयोग केला. १९५६ चा आरंभ. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने 'शेतकी रेडिओ मंडळे' उभारली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावे त्यासाठी निवडली. मूळ कल्पना कॅनडाची. तेथे १९४१ पासून अशी मंडळे चालत. आकाशवाणीचे महासंचालक तेव्हा जगदीशचंद्र माथुर होते. हिंदी साहित्याच्या वाचकांना ते 'कोणार्क' या नाटकाचे लेखक म्हणून परिचित असतील.

१२/२०
रीत साधी होती. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम; एकूण वीस कार्यक्रम. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ. सर्वांनी एकत्र बसून ऐकायचे. मग रेडिओ बंद करायचा आणि आपापसांत चर्चा करायची. हे आपल्या गावात जमेल का? बियाणे, खत, पैसा कोठून आणायचा? चर्चेचा वृत्तांत आणि उरलेले प्रश्न पुणे केंद्राकडे पाठवायचे, आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळायची. या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची कृती, माझ्या मते, रेडिओ बंद करण्याची होती. तो गावकऱ्यांनी, आपल्या हाताने, बोलण्यासाठी बंद केला.

१३/२०
प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याचे नेतृत्व पॉल न्यूरॅथ यांच्याकडे होते. हे मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ. नाझींच्या डाखाउ व बुखेनवाल्ड छळछावण्यांतून ते वाचले होते. एकतर्फी आवाज समाजाचे काय करू शकतो, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची त्यांनी तुलना केली. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तितकी नाही. म्हणजे संच तोच, आवाजही तोच. फरक पडला तो ऐकणाऱ्यांना बोलता आल्याने.

१४/२०
आता कोकणात येऊ. मुंबई आणि पुण्याचे आवाज येथे पोहोचत, पण मध्ये सह्याद्री, अंतर आणि पावसाळी खरखर असे. आमच्या भागात रेडिओ बहुधा चाकरमान्याच्या ट्रंकेबरोबर आला. शिमग्याला किंवा गणपतीला मुंबईहून येणारा मुलगा ट्रान्झिस्टर आणी आणि वाडी त्याच्या ओटीवर जमे. पुढे आखातात गेलेल्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांनी टू-इन-वन आणले. १९७७ मध्ये रत्नागिरीत आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा प्रथमच आपल्या बोलीचा सूर, आपल्या बंदराची आणि बागांची भाषा त्या पेटीतून येऊ लागली. आजीच्या सकाळा तेव्हापासून त्या केंद्राने बांधलेल्या आहेत. आजोबा गेल्यावर तर तो आवाज तिला घरातले माणूस वाटे.

१५/२०
मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण दूरचित्रवाणीच्या लहरी डोंगर ओलांडून इतक्या लांब येत नाहीत. १९८४ मध्ये देशभर लहान प्रक्षेपकांची मोहीम निघाली, तेव्हा कुठे लहान शहरांना चित्र दिसू लागले. आणि तेव्हा एक जुनी गोष्ट नव्या वेषात परतली. तुमच्या आजोळी सरकत्या लाकडी दारांचा, किल्लीने बंद होणारा टीव्ही होता का? खेड्यातल्या कुलूपबंद रेडिओचाच तो घरगुती अवतार. किल्ली आता सरकारऐवजी घरातील वडीलधाऱ्या पुरुषाच्या जानव्याला वा खिशात असे. रविवारी सकाळी 'रामायण' लागे, तेव्हा शेजारीपाजारी सारे त्या दारांसमोर बसत. ती उघडण्याचा मान मात्र एकाचाच.

१६/२०
अमेरिकेत तोवर कळ खुर्चीवर आली होती. झेनिथ कंपनीने १९५० मध्ये 'लेझी बोन्स' काढला. त्याची तार टीव्हीपर्यंत जाई आणि माणसे तिला अडखळून पडत. १९५५ मध्ये यूजीन पॉली यांचा 'फ्लॅशमॅटिक' आला. तो प्रकाशाच्या झोताने चाले, पण खिडकीतून आलेले ऊनही वाहिनी बदलून जाई. १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांनी श्राव्यातीत ध्वनीवर चालणारा 'स्पेस कमांड' तयार केला. त्यात बॅटरीच नव्हती. बटण दाबले की लहानशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे. अवरक्त प्रकाशाचा आजचा रिमोट रूढ झाला तो १९८० च्या दशकात.

१७/२०
आपल्या हातातील रिमोट काय करतो? तो अवरक्त प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकवतो आणि त्या लुकलुकीचे लहान-मोठे खंड पाडून संकेत पाठवतो. एनईसी या जपानी कंपनीच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक आज्ञेत ३२ अंश असतात. आधी यंत्राचा पत्ता, मग आज्ञा, आणि पडताळ्यासाठी दोन्हींची उलटी प्रत. एक रिमोट दुसऱ्यासमोर धरून 'शिकवता' येतो तो यामुळेच. नवा रिमोट जुन्याची लुकलुक पाठ करतो. १९८७ मध्ये ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक यांच्या कंपनीने असाच शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. मात्र हा प्रकाश भिंत ओलांडत नाही. आमच्या घराच्या भिंती तर हातभर जाडीच्या जांभ्याच्या!

१८/२०
खरी अडचण याहून खोल आहे. बहुतेक उपकरणांत 'चालू' आणि 'बंद' यांना एकच संकेत असतो. रिमोट 'सिनेमा' बटणावर टीव्हीला तो संकेत पाठवतो. टीव्ही आधीच कुणी हाताने चालू केला असेल तर तो बंद पडतो. रिमोट आज्ञा देतो, उत्तर ऐकत नाही. बोसांची घंटा आणि टेस्लांची नौका आठवली ना? एकटा माणूस राहतो तेथे हे खपते. सामाईक घरात तर रिमोटच्या स्मृतीतले घर आणि खरे घर यांची फारकत ठरलेलीच. 'हार्मनी' नावाच्या एकेकाळच्या प्रसिद्ध रिमोटमध्ये यासाठी 'मदत' असे बटण होते. ते दाबले की रिमोट विचारी: टीव्ही चालू झाला का? इतके हुशार यंत्र अखेर माणसालाच विचारून पुढे जाई.

१९/२०
आमच्या घरी मी दोन दिवस घालवले. जेथे 'चालू' व 'बंद' यांचे वेगळे संकेत सापडले, तेथे तेच वापरले. 'सिनेमा' या बटणाची पहिली आज्ञा अशी ठेवली, की माजघर सोडून इतर खोल्यांची जोडणी आधी तुटावी, मग चित्रपट सुरू व्हावा. 'आरती' हे बटण सर्व खोल्या जोडते, पण एका तासाने आपोआप सोडते. हे सारे करून मी समाधानाने आजीकडे गेले आणि म्हटले, "आता कुणी चुकले तरी तुला त्रास होणार नाही." ती म्हणाली, "ते सगळं तू ठरवलंस. मला नको असलं तर मी काय करायचं?" मी निरुत्तर झाले. सबंध दोन दिवसांत मी तिला एकदाही विचारले नव्हते. माझ्या हातून कुलूपबंद पेटीच तयार झाली होती. फक्त घड्याळाची कळ जरा शहाणी होती.

२०/२०
मग आम्ही मंडळ भरवले. ओटीवर, रात्रीच्या जेवणानंतर, सर्व काही बंद करून. ठरले ते असे. प्रत्येक खोलीच्या आवाजाचे बटण त्या खोलीत, भिंतीवर, हाताला फिरणारे. रिमोटची आज्ञा त्याच्यावर चालणार नाही. आजीच्या खोलीत एक बटण वाढवले, दाबले की रत्नागिरी केंद्र. 'आरती'चे बटण दाबण्यापूर्वी घरात हाक मारून विचारायचे; ही आज्ञा कोणत्याही यंत्रात भरता आली नाही. डबा काढून टाकण्याची गोष्ट आजीने पुन्हा काढली नाही. परवा फोनवर चुलतभाऊ तक्रार करत होता, की आजी सकाळी सहाला आवाज इतका मोठा करते, की माडीवर झोप लागत नाही. मी त्याला म्हटले, पुढच्या मंडळात मांड.

तुमच्या घरी रेडिओचे बटण, टीव्हीची किल्ली वा रिमोट कुणाच्या हाती असे? आजी-आजोबांना विचारा आणि खाली लिहा. अशा आठवणी सरकारी दफ्तरात सापडत नाहीत.